रिठद ते पोहरादेवी, तळहातावर

खेळ तळहातावर मावेल एवढा होता. गोल, चपटी पत्र्याची डबी, वर काच, आत पुठ्ठ्याचा नागमोडी रस्ता आणि सायकलच्या चाकातला एक छर्रा. डबी हळूहळू कलती करत छर्रा रिठदहून पोहरादेवीला न्यायचा. वाटेत वाशीम, मंगरूळपीर, मानोरा अशी गावं लिहिलेली. दर दोन गावांमध्ये नाला, म्हणजे पुठ्ठ्याला पाडलेलं भोक. छर्रा नाल्यात पडला की पुठ्ठ्याखालच्या पोकळीतून घरंगळत पुन्हा रिठदला येई. ही परतीची वाट माझ्या मोठ्या भावाने शोधून काढली होती. बाजारातल्या दुसऱ्या कोणत्याही खेळात ती नव्हती, आणि त्याचा सगळा भरवसा तिच्यावर होता.

सत्तरचं दशक अर्धं उलटलं होतं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. आम्ही रिसोडला राहत होतो. बाबा एका कचेरीत शिपाई होते. दादा आयटीआयतून फिटर होऊन दोन वर्षं घरीच होता. पंप, सायकली, कुलपं, जे येईल ते दुरुस्त करायचा. मी अध्यापक विद्यालयात शेवटच्या वर्षाला होते. रिठद आमचं आजोळ, म्हणून रस्ता तिथून सुरू झाला. तो पोहरादेवीला संपला, कारण डब्या तिथल्या रामनवमीच्या जत्रेत विकायच्या होत्या.

त्या फाल्गुनात एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. नागपूरच्या एका सरकारी वर्कशॉपमधून दादाला नेमणुकीचं पत्र आलं. रुजू होण्याची मुदत जत्रेनंतरच्या सोमवारपर्यंत होती. त्याच आठवड्यात अकोल्याच्या एका ठोक व्यापाऱ्याने दादाची डबी हातात घेऊन पाहिली. वऱ्हाडातल्या बहुतेक जत्रांना खेळणी तोच पुरवायचा. त्याचा छर्रा तीनदा नाल्यात पडला. चौथ्यांदा तो मानोऱ्यापर्यंत पोचला आणि मग त्याने डबी खाली ठेवली.

‘दोनशे बनव,’ तो दादाला म्हणाला. ‘पोहरादेवीले लाव. तिसऱ्या दिवशी मी येतो. पेटी रिकामी दिसली तं पुढच्या साऱ्या जत्रा तुह्या. भरेल दिसली तं राम राम.’

म्हणजे प्रश्न एवढाच होता की तिसऱ्या दिवशी पेटीत किती डब्या उरतात. रिकामी पेटी म्हणजे दादाचा धंदा. भरलेली पेटी म्हणजे नागपूर.

नेमणुकीचं पत्र बाबांनी ट्रंकेत ठेवलं नाही. ते सदऱ्याच्या खिशात घेऊन हिंडत. जेवताना काढून पाहत आणि पुन्हा घडी घालून ठेवत.

‘सरकारी कागद हाय,’ ते म्हणत. ‘जत्रा दरसाल येते.’

‘व्यापारी दरसाल येत नाही, बाबा,’ दादा म्हणे.

‘आन् त्यो नाही आला तं?’

यावर दादा उठून पत्रा कापायला बसे.

घरात त्या महिन्यात दुसरा विषय नव्हता. तेलाच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा दादा कापी आणि कडा वळवी. काचा तसबिरी मढवणाऱ्याकडच्या तुकड्यांच्या होत्या. पुठ्ठा बाबांच्या कचेरीतल्या रद्दीत निघालेल्या फायलींचा. तो बाबांनी साहेबांना विचारून स्वतः आणला होता. नोकरीचा आग्रह धरणारा माणूस धंद्याचा माल वाहत होता, पण तेव्हा आम्हाला त्यात काही विसंगत वाटलं नाही. रस्त्याच्या भिंती माय खळीने चिकटवी. गावांची नावं लिहायचं काम माझ्याकडे होतं. विद्यालयात फलकलेखनाला मला पहिला नंबर मिळाला होता.

प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यासही दादाने केला होता. रिसोडच्या आणि वाशीमच्या बाजारातून त्याने हातात धरून खेळायच्या सगळ्या वस्तू गोळा केल्या आणि उघडून पाहिल्या. मुंबईहून येणारा प्लॅस्टिकचा विदूषक होता, त्याच्या दोन डोळ्यांच्या खड्ड्यांत दोन मणी बसवायचे. दाबला की टकटक वाजणारा पत्र्याचा बेडूक होता. डोळ्याला लावून देवळांची चित्रं पाहायची डबी होती. त्याचं मत असं पडलं की बेडकाला घरातले लोक दुसऱ्या दिवशी कंटाळतात, चित्रं दोनदा पाहून होतात, आणि खरा सामना विदूषकाशी आहे. विदूषक हलका होता, रंगीत होता, आणि चकचकीत कागदाच्या पाकिटात यायचा.

‘पण त्याचे मणी हलके हायत,’ दादा मला म्हणाला. ‘कुठीबी उडतात. हातात कायी लागतच नाही. आपला छर्रा वजनदार. तो सरकला का तळव्याले समजते. समजलं?’

मी हो म्हटलं. त्याने माझ्या हातात एकामागून एक दोन्ही दिले आणि डोळे मिटायला लावले. फरक खरोखर कळत होता. दादाला त्या रात्री झोप लागली नसावी. सकाळी माय म्हणाली की तो अंगणात बसून होता.

जत्रेच्या पहिल्या दिवशी आम्ही दोघं पेटी घेऊन पोचलो. मोठ्या रस्त्याच्या कडेला, एका लिंबाखाली जागा मिळाली. समोरच प्लॅस्टिकच्या खेळण्यांचं मोठं दुकान होतं. दोरीला पाकिटं टांगलेली, त्यात विदूषकांची एक पूर्ण रांग. दुकानाच्या तोंडाशी पाटी होती: हात लावू नये. दुकानदार पन्नाशीचा, पान खाणारा, जत्रांमध्ये मुरलेला माणूस होता. आम्ही सतरंजी अंथरली तेव्हा त्याने एकदा पाहून घेतलं.

दादाने पंचवीस डब्या सतरंजीवर मांडल्या आणि म्हणाला, ‘घ्या, खेळून पाहा.’

लोक आले. तांड्यांवरून आलेली कुटुंबं, शेतकरी, कोणी कचेरीतले. बैलाचे दात पाहिल्याशिवाय बैल न घेणारी माणसं. डबी हातात घेतल्याशिवाय ती पुढे सरकणार नव्हती. दुपारपर्यंत आमच्यापुढे एवढी गर्दी झाली की बैलगाड्यांना वळसा घालावा लागला.

‘मी मंगरूळपिरातच अटकलो ना बावा.’

‘तू तं खरोखरबी तिथंच अटकते. तिथं तुही सासुरवाडी हाय.’

‘ए, धक्का नको देऊ, मानोरा आला!’

धोतर नेसलेल्या एका म्हाताऱ्याने डबी डोळ्यांजवळ नेऊन सगळी गावं वाचली. ‘आमचं धनज काहून नाही याच्यात?’

‘काका, धनज या रस्त्यावर येत नाही.’

‘मंग मी इथं कसा आलो?’

लोक हसले, दादाही हसला. म्हाताऱ्याने खेळायला सुरुवात केली. पाव तास तो उकिडवा बसून होता. छर्रा पोहरादेवीच्या खळगीत बसला तसा तो मोठ्याने म्हणाला, ‘पोचलो!’ मग त्याने डबी जपून सतरंजीवर ठेवली, धोतर झटकलं आणि निघून गेला.

तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं की सकाळपासून हेच चाललं आहे. न पोचलेला माणूस हलत नव्हता, आणि पोचलेला माणूस काही विकत घेत नव्हता. पोहरादेवीला आलेल्या माणसाला पोहरादेवीला पोचायचा खेळ घरी कशाला हवा? संध्याकाळी मी पेटी मोजली. दोनशेपैकी अकरा गेल्या होत्या. समोरच्या दुकानात गर्दी अशी कधी नव्हतीच. पण दोरीवरची विदूषकांची रांग दोनदा नव्याने लावली गेली होती.

समोरचा दुकानदार पाणी प्यायला आमच्याकडे आला. दादाकडे पाहून म्हणाला, ‘लेका, तू जत्रा भरवली का दुकान लावलं? फुकटात खेळवून राह्यला. हातात देशील तं कोण घेईन? पाटी लाव.’

परतीची एसटी नव्हती. आम्ही धर्मशाळेत मुक्काम केला. दादाच्या बोटांच्या कडांना पत्र्याचे काप होते आणि तो एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं दाबत बसला होता. मुदत संपायला चार दिवस होते.

पाटी मी लिहिली. हे स्पष्ट नोंदवायला हवं, कारण घरात नंतर याबद्दल जे थोडं बोलणं झालं त्यात दादा ते स्वतःवर घेत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटीतला जादा पुठ्ठा काढला आणि फलकलेखनाच्या वर्गात शिकवल्याप्रमाणे, वरची रेघ आखून, सारख्या अंतरावर तीन शब्द लिहिले. मला अक्षर चांगलं आल्याचं समाधान वाटलं. शब्दांचा मी विचार केला नाही. ते जत्रेत सगळीकडेच लिहिलेले होते.

दादा पाटीकडे बघत राहिला. ‘हे आपल्याले जमते का पाहू,’ तो म्हणाला, आणि त्याने ती लिंबाच्या फांदीला बांधली.

डब्या पेटीत गेल्या. बाहेर एकच राहिली, दादाच्या हातात. तो उभा राहून स्वतः खेळून दाखवी. मानोऱ्यापर्यंत सफाईने नेई आणि शेवटच्या नाल्यात छर्रा पाडी. मुद्दाम पाडतो, हे मला तिसऱ्या वेळी कळलं. बघणाऱ्यांच्या तोंडून एकदम ‘अरे!’ निघे.

‘अरे, असा नाही. इकून घ्या लागत होता. आण इकडं.’

‘विकत घ्या, मंग कसाबी न्या.’

आणि लोक घेऊ लागले. दुपारी तीनपर्यंत पेटी अर्धी झाली. संध्याकाळी मी मोजलं तेव्हा त्र्याऐंशी उरल्या होत्या. दादा पहिल्यांदा पोटभर जेवला. पण झोपायच्या आधी त्याने तिसऱ्या दिवसाचा हिशेब तीनदा मांडला: सकाळी इतक्या, दुपारी इतक्या, व्यापारी चारला आला तर.

तिसऱ्या दिवशी सकाळी विक्री आदल्या दिवशीसारखीच होती. अकराच्या सुमारास आणखी वीस गेल्या होत्या. तेवढ्यात मला रस्त्याच्या पलीकडे बाबा दिसले.

ते रजा टाकून आले होते. डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीत मायने दिलेल्या भाकरी असणार, हे मला ठाऊक होतं. ते रस्ता ओलांडून आले आणि सतरंजीपासून चार-पाच पावलांवर थांबले. लोक त्यांच्या बाजूने पुढे जात होते, वाकून पाहत होते. बाबा पाटीकडे पाहत होते.

‘बाबा, या न,’ मी म्हटलं.

ते जागचे हलले नाहीत.

‘बाबा, सावलीत या. उन्हात काहून उभे हा?’ दादा म्हणाला.

‘पाटी हाय न,’ बाबा म्हणाले.

आवाज चढवलेला नव्हता. जवळच्या दोघा-तिघांनी वळून पाहिलं, पण त्यांना त्यात काही कळण्यासारखं नव्हतं. घरचं माणूस थट्टा करतंय, असंच त्यांना वाटलं असेल.

बाबांनी त्यांच्या लहानपणाबद्दल आम्हाला फार सांगितलं नव्हतं. एवढंच माहीत होतं की त्यांच्या गावच्या विहिरीवर पाटी नव्हती. तिथे पाटीची गरजच नव्हती. छप्पन साली धर्मांतर झालं तेव्हा दादा लहान होता. मी तर घरात बुद्धाची तसबीर पाहतच मोठी झाले. शाळेत, एसटीत, बाजारात मला कोणी ते तीन शब्द तोंडावर म्हटले नव्हते. म्हणूनच ते मी इतक्या सुबक अक्षरात लिहू शकले.

दादाच्या हातातली डबी कलती राहिली होती आणि छर्रा आपोआप घरंगळत होता. समोर गिऱ्हाईक उभं होतं. ‘चालू ठेवा न भाऊ,’ तो माणूस म्हणाला. दादाने डबी त्याच्या हातात दिली. मग लिंबाच्या फांदीची गाठ सोडली. ती घट्ट बसली होती, त्याने ती दातांनी सोडवली. पाटी दुमडून त्याने पेटीच्या तळाशी टाकली, पेटीतून वीस-पंचवीस डब्या काढल्या आणि सतरंजीवर मांडल्या.

बाबा आले. सतरंजीच्या कडेला बसले. त्यांनी एक डबी उचलली आणि खेळायला लागले. ते त्या खेळात चांगले नव्हते. वाशीमच्या पुढे त्यांचा छर्रा गेला नाही.

दुपारी पुन्हा पहिल्या दिवसासारखी गर्दी झाली. हसणं, ओरडणं, ‘पोचलो’, डबी खाली. मी पेटीकडे पाहायचं टाळत होते आणि दर पाच मिनिटांनी पाहत होते. दादा रस्त्याकडे पाहत होता. समोरच्या दुकानदाराने दोन्ही हात हवेत उडवून मला विचारलं की हे काय चाललंय. मी मान फिरवली.

व्यापारी चारला आला. गर्दी पाहून त्याचा चेहरा खुलला. वाट काढत तो पुढे आला आणि दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘वा रे वा! अर्धी जत्रा तं तुह्याचपाशी हाय. पेटी दाखव.’

दादाने झाकण उघडलं. पेटीत आणि सतरंजीवर मिळून अठ्ठावन्न डब्या होत्या. व्यापाऱ्याने त्या नजरेनेच मोजल्या.

‘समोरचा म्हणते, सकाळपर्यंत पाटी होती.’

‘होती.’

‘माल जाऊन राह्यला होता?’

‘जाऊन राह्यला होता.’

‘मंग काढली काहून?’

दादाने बाबांकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. बाबा डबी कलती करत होते, मान खाली.

‘हातात धरायचा खेळ हाय,’ दादा म्हणाला. ‘हात लावू नका म्हणून कसा इकू?’

व्यापारी माणूस म्हणून वाईट नव्हता. ‘खेळ चांगला हाय,’ तो म्हणाला. ‘पण मले खेळणारे नाही, घेणारे पाहिजेत. गर्दीले मी काय करू?’ मग त्याने सतरंजीवरून दोन डब्या उचलल्या, दादा नको म्हणत असताना त्यांची किंमत दिली, त्या खिशात टाकल्या आणि तो समोरच्या दुकानाकडे गेला.

पेटी आवरताना बाबांनी कापडी पिशवी उघडली. भाकरी वर होत्या. खाली दादाची धुवून इस्त्री केलेली पँट, दोन सदरे आणि प्रमाणपत्रांची फाईल होती. नेमणुकीचं पत्र फाईलमध्ये पहिलंच होतं.

बऱ्याच वर्षांनी, शिक्षिकेची नोकरी सोडून मी वर्तमानपत्रात गेले. तिथे पहिल्यांदा शिकवलं ते हे की घटना लिहा, हेतू लिहू नका. हेतूला साक्षीदार लागतो. मी त्या दिवसाच्या घटना क्रमाने अनेकदा मांडल्या आहेत. बाबा निघताना कपडे बांधूनच आले होते, म्हणजे जत्रेत काय दिसणार हे माहीत नसताना त्यांनी दादाला नागपूरला पाठवायचं ठरवलेलं होतं. पाटी त्यांनी आधी पाहिलेली नव्हती. ते उन्हात उभे राहिले. पेटी रिकामी होत चालली होती, हे त्यांना दिसत होतं. पाटीमुळे थांबले की पेटीमुळे, हे सांगू शकणारा माणूस एकच होता. मी त्यांना विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

दादा सोमवारी सकाळी रुजू झाला. तीस वर्षं त्या वर्कशॉपमध्ये होता. फिटर म्हणून चांगला समजला जायचा.

उरलेल्या डब्या बाबांनी विहारातल्या कोनाड्यात ठेवल्या. ज्याला हवी त्याने घ्यावी, खेळावी, परत ठेवावी. पावसाळ्यापर्यंत खळ सुटली, भिंती निघाल्या, काचा फुटल्या. छर्रे तेवढे सायकलवाल्याने नेले.

पुढच्या वर्षी शिक्षिका म्हणून माझी नेमणूक मानोऱ्याजवळ झाली होती, तेव्हा मी एकटीच पोहरादेवीच्या जत्रेला गेले. तेच प्लॅस्टिकचं दुकान, तीच पाटी. दोरीवर विदूषकांशेजारी एक नवी रांग होती. गोल प्लॅस्टिकची डबी, पारदर्शक झाकण, आत नागमोडी रस्ता, भोकं. गावांची नावं नव्हती. बाकी रस्ता दादाचाच होता, वळणांसकट. मी जवळून पाहण्यासाठी हात पुढे केला.

‘हात नको लावू बाई,’ दुकानदार म्हणाला. त्याने मला ओळखलं नाही. ‘घ्यायची असन तं सांग.’

मी एक घेतली आणि पाकीट न फोडता नागपूरला पाठवली. महिन्याभराने दादाचं कार्ड आलं. घरच्या चौकशा होत्या, क्वार्टर मिळाल्याचं होतं. शेवटी लिहिलं होतं: ‘डबी मिळाली. परतीची वाट त्यांनी नीट केलेली नाही, छर्रा मध्ये अडकतो. मी उघडून दुरुस्त केली. इथे सगळ्यांच्या हातात फिरत असते.’